बुढ्यांचा डॉक्टर

आमच्या नाचणगावात कुणाचा मुलगा डॉक्टर झाल्याची बातमी आली, की गावाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कायचा?" नुसता डॉक्टर आता चालत नाही. हृदयाचा असला तर ऐकणारा खुर्चीतून आपोआप अर्धा उठतो. हाडांचा असला तरी मान मिळतो, कारण नाचणगाव-पुलगाव रस्त्यावर मोटारसायकल हाकणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या आपली त्याच्याशी गाठ आहे हे ठाऊक असतं. एकूण मनुष्यदेहाची अशी हिस्सेवाटणी झालेली असून सातबारा उताऱ्यासारखी ती सर्वांना तोंडपाठ आहे.

माझ्या भाच्याने मात्र ह्या वाटणीत घोळ केला. सेवाग्रामला एम. बी. बी. एस. झाला तोवर सगळं ठीक होतं. तिथे खादी घालावी लागते, त्यामुळे कपड्यांचा खर्चही बेताचा होता. पुढे तो मद्रासला जातो म्हणाला (मद्रासला चेन्नई म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही), तेव्हा आम्हाला वाटलं, हृदयासाठी चालला असेल. तीन वर्षांनी परत आला आणि ओसरीतल्या बंगईवर बसून त्याने जाहीर केलं, "मामी, मी वृद्धांचा डॉक्टर झालो."

सौभाग्यवतींनी पोह्यांची बशी त्याच्या हातात देता देता थांबवली. "म्हणजे कोणच्या भागाचा?"

"सगळ्याच भागांचा."

"मंग पहिलेचं एम. बी. बी. एस. का वाईट होतं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्रात असेलही, पण त्या वेळी भाच्यापाशी नव्हतं. त्याने मुकाट्याने पोहे खाल्ले.

माझ्या बहिणीला, म्हणजे ताईला, खरी काळजी निराळीच होती. मुलगा तिशीला आला होता. आर्वीकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील घरचे खाऊनपिऊन सुखी, त्यांनी चहा घेतला, फोटो पाहिला, शेतीची चौकशी केली आणि मग हळूच विचारलं, "पण ह्या धंद्यात गिऱ्हाईक टिकत नसंल ना जास्त दिवस?"

ताईला ठसका लागला. भाचा मात्र शांतपणे म्हणाला, "उलट आहे काका. माझे पेशंट मला सोडायलाच तयार नसतात. बरे झाले तरी बसून राहतात. घरी त्यांच्याशी इतकं कुणी बोलत नाही."

स्थळ परत आलं नाही.

मग एका रविवारी आमच्या ओसरीत त्याच्या भवितव्यावर परिषद भरली. मी निवृत्त हेडक्लार्क असल्यामुळे कोणतीही गोष्ट नियम आणि तारखा ह्यांच्या आधारे समजून घ्यावी असं मला वाटतं. भाच्यानेही पुरवल्या. ह्या शास्त्राला इंग्रजी नाव न्यूयॉर्कच्या इग्नाझ नॅशर नावाच्या डॉक्टराने 1909 साली दिलं. आपल्याकडे 1978 साली मद्रासला डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी म्हाताऱ्यांसाठी वेगळा विभाग उघडला आणि एम. डी.चा अभ्यासक्रम सुरू व्हायला 1996 साल उजाडलं. म्हणजे नाव पडल्यापासून पदवी मिळेपर्यंत सत्त्याऐंशी वर्षं. आमच्या खात्यातल्या फायलींची गती पाहिलेल्या मला ह्यात गैर काही दिसलं नाही. 2010-11मध्ये सरकारने वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम काढला. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड, शेजारी व्यायामोपचार, आणि खेड्यातल्या प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्यांचा, अशी योजना आहे.

"म्हणजे सरकारी नोकरी आहे!" मी खूष झालो.

"खाटा आहेत मामा. खाटांपाशी उभा राहायला हेच शिकलेला डॉक्टर पाहिजे, असं अजून सगळ्यांना पटलेलं नाही."

"मंग अमेरिकेत जा ना," ताई म्हणाली. आमच्याकडे कुठल्याही चर्चेत तिसऱ्या वाक्याला अमेरिका येते.

"तिथे साध्या फिजिशियनपेक्षा एक वर्ष जास्त शिकावं लागतं," भाचा म्हणाला, "आणि मग बहुतेक वेळा पगार त्याच्यापेक्षा कमी मिळतो."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. जास्त शिकून कमी पगार हा प्रकार फक्त आमच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांतच असतो अशी तिची आजवर समजूत होती.

भाच्याने तिला इंग्लंडचं सांगून पाहिलं. तिथे इस्पितळातल्या फिजिशियन लोकांत म्हाताऱ्यांच्या डॉक्टरांचा गट सर्वांत मोठ्या गटांपैकी एक आहे. आपल्या देशात 2011च्या शिरगणतीत साठीवरची माणसं दहा कोटींच्या वर होती, आणि 2050 पर्यंत दर पाचात एक म्हातारा असेल असा अंदाज आहे. "म्हणजे गिऱ्हाइकीला तोटा नाही," मी हिशेब केला. पण ताईचं समाधान झालं नाही. त्याला नागपूरच्या एका इस्पितळाच्या पुनर्वसन वॉर्डात नोकरी लागली, तेव्हा तर तिने शेजारणीला सांगून टाकलं, "धरणग्रस्ताच्या खात्यात लागला हाये." पुनर्वसन म्हटल्यावर विदर्भात माणसाला दुसरं काय आठवणार?

ह्या सगळ्या चर्चेत एक माणूस मुळीच बोलला नाही, तो म्हणजे माझे वडील, अण्णा. वय त्र्याऐंशी. पुलगावच्या कापड गिरणीत उभा जन्म गेला. गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली तरी अण्णा पहिल्या पाळीच्या वेळेला उठत आणि चपला घालून चौकात जाऊन चहा पीत. चपला म्हणजे कातडी, गावच्या मोच्याकडून बांधून घेतलेल्या, दर दिवाळीला तेल पाजलेल्या. चालण्याचा वेग पुलगाव-आर्वी छोट्या गाडीचा. म्हणजे ती चालू होती तेव्हाचा. वाटेत माणूस दिसला की थांबा. पण जायचे आणि यायचे, कुणाच्या आधाराशिवाय.

ते अण्णा एका पहाटे न्हाणीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही त्यांना शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. फोटोत तो धातूचा खिळा इतका सुबक दिसत होता, की मी त्याची प्रत मागून घेतली. सहाव्या दिवशी आम्हाला घरी पाठवलं, निरोप एकच, "आराम करू द्या."

आमचं घराणं बाकी कशात नाव काढणार नाही, पण आराम करवण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही. अण्णांना ओसरीतल्या बाजेवर निजवलं. पाणी तोंडाशी, जेवण तोंडाशी, भांडं अंथरुणाशी. उठायचं नाव काढलं की घरातली चार माणसं "नका, नका" करत धावत. चष्मा फुटू नये म्हणून मी कपाटात ठेवला. कवळी घशात अडकेल म्हणून सौभाग्यवतींनी कपात घालून ती फळीवर ठेवली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आपल्या ओळखीतला एक म्हातारा सांगे, ज्याचा खुबा मोडला होता आणि जो महिन्याभरात 'गेला'. हे अण्णांच्या उशाशी बसून, मोठ्या आवाजात, अण्णांना ऐकू कमी येतं म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात अण्णा रात्री उठून बसू लागले. "भोंगा वाजला. माहा डबा कुठी हाये?" म्हणायचे. मला ओळखायचे ते कधी मुलगा म्हणून, कधी मुकादम म्हणून. मुकादम म्हणून ओळखलं की शिव्या द्यायचे. एकाने झोपेची गोळी सुचवली, ती चालू झाली. दिवसा झोप, रात्री भोंगा. कमरेखाली पाठीला जखम झाली. एकूण गोळ्या अकरा झाल्या. त्यांच्यासाठी मी कप्प्याकप्प्यांची मसाल्याची डबी घेतली होती.

आणि एक गोष्ट मी केली, ती त्या वेळी कोणाला सांगितली नाही. कोपऱ्यात अण्णांच्या चपला पडल्या होत्या. येताजाता त्या पाहवेनात. एक दिवस आमच्या शेतावरच्या गड्याला म्हटलं, "घेऊन जा, तुझ्या मापाच्या आहेत." त्याने काही न बोलता त्या उचलल्या. चष्मा कपाटात, दात कपात आणि चपला गड्याच्या पायात. बाजेवर उरलं ते फक्त अण्णांचं नाव आणि अकरा गोळ्या.

भाचा रविवारी आला. मी त्याच्यासमोर मोठ्या अभिमानाने खिळ्याचा फोटो धरला. त्याने तो उशीखाली सारला आणि म्हणाला, "मसाल्याची डबी आणा." एकेक गोळी हातात घेऊन तो "ही कधीपासून? कुणी सांगितली?" असं विचारत गेला. दोन गोळ्या एकाच औषधाच्या निघाल्या, नावं फक्त वेगळी. एक सर्दीची होती. सर्दी दसऱ्याला झाली होती आणि आता संक्रांत आली होती. झोपेची गोळी त्याने बाजूला काढली. "हिनेच तर भोंगा वाजतोय मामा. म्हणजे निदान हीसुद्धा वाजवतेय."

"पण आजार तरी कोणता?" मी विचारलं.

"तरुण माणसाला एक आजार असतो. म्हाताऱ्याला आजारांचं एकत्र कुटुंब असतं. एकाला गोडधोड केलं की दुसरा रुसतो. कुणाला किती वाढायचं हे पाहणारा एक कर्ता लागतो, ते माझं काम."

मग त्याने कपाटातून चष्मा काढून अण्णांच्या डोळ्यांवर चढवला, कवळी धुऊन दिली आणि दोन माणसांच्या आधाराने त्यांना बाजेच्या कडेला बसवलं. अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले, "भिंतीले पोपडे आले हायेत. कोणी पाह्यत नाई का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला त्या वॉर्डात भरती झालो. 'आम्ही' म्हणतो, कारण सोबतीला मी होतो.

असा वॉर्ड मी जन्मात पाहिला नव्हता. इतर इस्पितळांत पेशंट निजलेला आणि नर्स धावते. इथे नर्स उभी आणि पेशंटला चालवते. सकाळी आंघोळ करून घरचे कपडे घालायचे, अंथरुणात जेवण नाही, जेवायला टेबलाशी. भिंतीवर हे मोठं घड्याळ आणि हे मोठं कॅलेंडर. एका कोपऱ्यात लाकडाच्या चार पायऱ्या होत्या. चढायच्या आणि पलीकडून उतरायच्या. वर काहीच नाही. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यामुळे मला ती रचना ओळखीची वाटली. अमेरिकेत अशा वॉर्डात पेशंटने रोज तीन तास कसरत करायची असा नियम आहे, असं भाच्याने सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "गिरणीत जेवणाची सुट्टी तरी होती."

पहिल्या दिवशी सगळे अण्णांभोवती गोळा झाले. व्यायाम शिकवणारी, कपडे-जेवण अशा रोजच्या कामांचा सराव घेणारी, नर्स, घरची चौकशी करणारे एक गृहस्थ, आणि मधोमध भाचा. मला वाटलं, आता विचारणार, दुखतं कुठे? भाच्याने विचारलं, "आजोबा, घरी गेल्यावर काय काय करायचं आहे?"

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "संडासले एकटं जायचं हाये."

कोणी हसलं नाही. नर्सने ते कागदावर लिहून घेतलं, साहेबाने सांगितलेलं मुद्दे लिहून घ्यावेत तसं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तीन आठवडे मी त्यांना दूध, फळं, गोळ्या, नातेवाईक सगळं पुरवलं होतं. हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"आणि दुसरं?"

"चौकातला चहा."

आणि मग मार्क! हा भाग मला मनापासून आवडला. बाल्टिमोरकडच्या फ्लॉरेन्स महोनी ह्या डॉक्टरीणबाई आणि डोरोथिया बार्थेल ह्या व्यायामोपचारवाल्या बाई, अशा दोघींनी 1965 साली एक मार्कांचा तक्ता छापला. एकूण शंभर. स्वतःच्या हाताने जेवण दहा, आंघोळ पाच, कपडे दहा, बाजेवरून खुर्चीत जाणं पंधरा, चालणं पंधरा, जिना दहा, असं करत शंभर भरतात. अण्णांना पहिल्या दिवशी पंचवीस पडले. मला मॅट्रिकच्या गणितात पहिल्या खेपेला तितकेच पडले होते आणि तेव्हा अण्णांनी जे उद्गार काढले होते, ते मला चाळीसहून अधिक वर्षं तोंडपाठ आहेत. संधी चालून आली होती. पण मी काही बोललो नाही.

शेजारच्या खाटेवर यवतमाळचे एक निवृत्त मास्तर होते, अर्धांगाचा झटका आलेले. त्यांना साठ होते. हे कळल्यावर अण्णांच्या अंगात जी ईर्ष्या संचारली ती कुठल्याही टॉनिकात मिळत नाही. मास्तर सकाळी दोन फेऱ्या मारत, अण्णा तिसरीसाठी वॉकर मागत. मास्तरांनी स्वतः शर्टाची बटणं लावली तर अण्णा कोटाची लावून दाखवत. कोट माझा होता. रात्री दोघं एकमेकांचे मार्क चोरून विचारत.

भाच्याचं काम मी तिथे जवळून पाहिलं. दिसायला काहीच नाही. ना आला सुऱ्या-कात्र्यांचा खणखणाट, ना आलं एखादं यंत्र. एक दिवस अण्णा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. व्यायामवाल्या बाई थांबल्या, भाच्याने रक्तदाब निजून एकदा आणि उभं करून एकदा मोजला आणि रक्तदाबाची गोळी अर्धी केली. दुसऱ्या दिवशी फेऱ्या पुन्हा सुरू. एकदा अण्णा अचानक पुन्हा बरळायला लागले. मी घाबरलो. भाच्याने लघवी तपासायला पाठवली, पोटावर हात ठेवला, नर्सला चार प्रश्न विचारले आणि निदान केलं ते बद्धकोष्ठाचं. दोन दिवसांत डोकं ठिकाणावर. डोक्याचा इलाज पोटातून करायला मद्रासला जाऊन शिकावं लागतं हे मी ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आमच्या आजीले येत होता तो, एरंडेल देऊन." ह्यावर भाचा म्हणाला, "आजीच्या हातात अकरा गोळ्यांची डबी नव्हती, आई."

एका रात्री ड्यूटीवर चहा पिताना तो म्हणाला, "नोकरीला लागलो तेव्हा विचारत होते मामा, हाडांचे डॉक्टर आहेत, व्यायामवाले आहेत, तुमचं काम काय? मला एका वाक्यात सांगता येईना." मग त्याने लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाची गोष्ट सांगितली. 1935 साली मार्जरी वॉरन नावाच्या बाईंकडे गरिबांच्या जुन्या आश्रयशाळेतले शेकडो आजारी आले. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षं खाटेवर पडून, तपासायचं म्हणून कोणी तपासलेलं नाही. बाईंनी एकेकाला तपासलं, वॉर्डात उजेड आणला, माणसांना अंथरुणातून उठवलं, चालवलं. आणि त्यांतले बरेच चक्क आपल्या घरी गेले. "बस, एवढंच ते शास्त्र," भाचा म्हणाला.

मला त्याला सांगावंसं वाटलं, की हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. 1936 साली मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांचं काम उभारलं. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींच्या अंगाला खुद्द गांधीजी मालीश करत. त्यांनाही कोणी विचारलं असेल, वकिली सोडून हे काय? पण तो दमलेला दिसत होता. मी त्याचा कप विसळून ठेवला.

घरी पाठवायच्या आधी भाचा टेप घेऊन नाचणगावला आला आणि घर मोजू लागला. उंबरठ्याची उंची, बाजेची उंची, ओसरीपासून संडासापर्यंतची पावलं. माझ्या घराची एवढी बारकाईने मोजणी ग्रामपंचायतीनेसुद्धा कधी केलेली नाही. संडासात स्टीलची दांडी बसवली, न्हाणीत खरबरीत फरशी, बाजेखाली विटा. सौभाग्यवती म्हणाल्या, "मामाजी पडायच्या आधी ही दांडी लावली असती तं?" दांडी साडेचारशे रुपयांना आली.

पाचव्या आठवड्यात अण्णा पंच्याऐंशी मार्क घेऊन सुटले. मास्तर ऐंशीवर होते. त्यांनी हात जोडून निरोप दिला, पण मनातून त्यांना लागलेलं दिसलं. अण्णांचे पंधरा गेले ते असे: चालताना कोणीतरी बाजूला लागतं त्याचे पाच, जिन्याचे पाच आणि आंघोळीचे पाच. आंघोळीचे त्यांनी मुद्दाम सोडले असा माझा संशय आहे. सगळं अंग स्वतः धुतात, पाठ मात्र मला चोळायला लावतात आणि चोळताना मुकादमाला देत त्या शिव्या देतात. आता मला ओळखून.

परवा आर्वीच्या त्या गृहस्थांचा फोन आला होता. त्यांच्या आई पडल्या आहेत. वॉर्डात जागा मिळेल का, म्हणून. स्थळाबद्दल ते बोलले नाहीत. भाच्याने फक्त विचारलं, "गोळ्या किती चालू आहेत?"

आल्याच्या दुसऱ्या पहाटे अण्णा नेहमीच्या वेळेला उठले, वॉकर धरून संडासाला एकटे जाऊन आले, आणि ओसरीत उभे राहून म्हणाले, "माह्या चपला कुठी हायेत?"

मी म्हटलं, दुरुस्तीला दिल्यात, आणतो. तसाच सायकलीवर टांग मारून शेतावर गेलो. गडी कपाशीला पाणी देत होता, अनवाणी. मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, "त्या चपलांचं... मी तुला नव्या घेऊन देतो."

तो झोपडीत गेला आणि फळीवरून कागदात बांधलेलं पुडकं घेऊन आला. तेल पाजलेलं दिसत होतं.

"म्या घातल्याच नाई," तो म्हणाला. "बुढा जिता हाये ना अजून."

घरी आणून चपला अण्णांच्या पुढ्यात ठेवल्या. वाकता येत नाही म्हणून त्यांनी एका हाताने वॉकर धरून पायाने त्या ओढून घेतल्या. पाय आत सरकवले. थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"कोणी घालून पाह्यल्या नाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग चाल. चहा निवते."

चौक दोनशे पावलांवर आहे. आम्हाला वीस मिनिटं लागली. वाटेत माणसं भेटली.